हमामात्सू : फटफट्यांचे माहेर



गेली अठ्ठावीस वर्षे मी तुमच्याच बांधावरून फिरतो आहे. कधी बियाण्याचे बोललो, कधी माती परीक्षणाचे, कधी ठिबकचे. आज मात्र तुम्हाला जपानला घेऊन जाणार आहे, आणि तेही शेती बघायला नाही, तर जुन्या मोटारसायकली बघायला. "साहेबांना या वयात हे काय सुचलं?" असे म्हणून पान उलटू नका. तुमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात पोती पांघरून जी जुनी गाडी उभी आहे, तिच्याशीच याचा संबंध आहे.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. माझ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, १९८९ साली कांद्याच्या पैशातून आर. एक्स. १०० घेतली. मी तेव्हा राहुरीला बी. एस्सी. ॲग्रीला होतो. त्या गाडीवरून कांद्याचा भाव बघायला लासलगावला जाणे झाले, वहिनींना बाळंतपणाला दवाखान्यात नेणे झाले, पहाटे मला परीक्षेच्या एस. टी. वर सोडणे झाले. दादा जाऊन आता चार वर्षे झाली. तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी. दसऱ्याला हार घालायचा, हळदकुंकू वाहायचे आणि पुन्हा पोते टाकायचे.

दादांची मुलगी लग्नानंतर जपानला असते. जावई तिथे एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. "काका, एकदा तरी या," असे ती तीन वर्षे म्हणत होती. शेवटी गेल्या नोव्हेंबरात रजा टाकली आणि बारा दिवस जाऊन आलो. तिचे गाव हमामात्सू.

तोक्यो आणि ओसाका या दोन मोठ्या शहरांच्या साधारण मध्यावर हे शहर आहे. दक्षिणेला समुद्र, पूर्वेला तेन्र्यू नदी, पश्चिमेला हामाना नावाचे मोठे सरोवर आणि उत्तरेला देवदारासारख्या सुगी झाडांनी भरलेले डोंगर. सरोवराच्या वरच्या अंगाला मिक्काबी म्हणून भाग आहे, तिथे उतारांवर संत्र्याच्या बागा. मी गेलो तेव्हा फळ पिवळे धमक झाले होते. त्याची साल हाताने सहज सुटते, आपल्या नागपुरीसारखीच. जिल्ह्यात चहाचे मळे तर इतके, की आगगाडीच्या खिडकीतून हिरव्या गाद्या पसरल्यासारखे दिसतात. हिवाळ्यात इथे डोंगराकडून कोरडा, बोचरा वारा सुटतो. तो वारा लक्षात ठेवा, पुढे गोष्टीत येणार आहे.

हे गाव फटफट्यांचे माहेर. होंडा, सुझुकी, यामाहा ही तिन्ही नावे आपल्या गावागावांत पोचली, ती इथूनच निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर या एका परिसरात तीसाहून अधिक लहानमोठे मोटारसायकल करणारे होते, त्यांतले हे तिघे टिकले. आणि तिघांपैकी एकाचाही मूळ धंदा मोटारसायकली करण्याचा नव्हता.

मिचिओ सुझुकी यांचा जन्म १८८७ चा, घर कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे. सुतारकाम शिकून त्यांनी आईसाठी लाकडी माग बनवला, आणि १९०९ साली मागांचा कारखाना काढला. पुढे त्यांचे जावई शुंझो सुझुकी एकदा मासे धरून सायकलवरून परत येत होते. समोरून वारा असा, की पायडल पुढे जाईना. सायकलला इंजिन का लावू नये, हा विचार त्या वाऱ्याने दिला असे सांगतात. १९५२ साली ३६ सी. सी. चे इंजिन लावलेली त्यांची सायकल बाजारात आली.

तोराकुसू यामाहा हे दुरुस्तीचे कारागीर. १८८७ साली एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन त्यांच्याकडे दुरुस्तीला आला. तो दुरुस्त करता करता, आपणही असा करू शकतो हे त्यांना उमगले आणि वाद्यांचा कारखाना उभा राहिला. युद्धकाळात त्याच कारखान्यात विमानांचे पंखे बनले. युद्ध संपल्यावर ती यंत्रे रिकामी राहिली, आणि त्यांच्या आधाराने १९५५ साली पहिली मोटारसायकल झाली. नाव वाय. ए. १, इंजिन १२५ सी. सी. चे. तिच्या लालसर रंगावरून लोक तिला "अकातोंबो" म्हणू लागले. अकातोंबो म्हणजे लाल चतुर, आपल्याकडे भाताच्या खाचरावर उडतो तोच.

आणि तिसरे सोइचिरो होंडा. त्यांच्या गावी मी मुद्दाम गेलो. शहरातून एक लाल रंगाची छोटी गाडी उत्तरेला जाते. अर्ध्या तासात शेवटचे स्टेशन आले. तेन्र्यू नदी ओलांडली, की डोंगराच्या पायथ्याशी फुतामाता नावाचे गाव लागते. तिथल्या नगरपालिकेच्या १९३६ साली बांधलेल्या जुन्या इमारतीत होंडांच्या आठवणींचे छोटे संग्रहालय आहे, ते २०१० साली सुरू झाले. होंडा १९०६ साली याच भागातल्या कोम्यो खेड्यात जन्मले. वडील लोहार, आई विणकर. वडील शेतीची अवजारे करीत, पुढे सायकलीही दुरुस्त करू लागले. पोरगा जवळच्या भातगिरणीचे इंजिन बघायला जाऊन उभा राहायचा.

१९४६ साली देश उद्ध्वस्त झाला होता. गाड्यांची गर्दी अशी, की लोक दारांना लोंबकळून जात. होंडांना सैन्याच्या वायरलेस यंत्रांची लहान इंजिने मिळाली. ती त्यांनी सायकलीला जोडली. पेट्रोलची टाकी कुठून आणणार? थंडीत अंथरुणात पाय शेकण्यासाठी जपानी घरात गरम पाण्याचे चपटे भांडे असते, ते त्यांनी टाकी म्हणून बसवले. आणि पहिली चाचणी घ्यायला लावली ती आपल्या पत्नीला, साची यांना. धान्य-भाजीसाठी त्या लांब लांब सायकल मारत जात, तेव्हा या गाडीचा उपयोग बाईला होतो का, हे आधी बघायचे होते. अशी सुमारे पाचशे इंजिने होती, ती संपली. मग स्वतःचे इंजिन बनवले. १९४८ साली होंडा कंपनी स्थापन झाली.

त्या भागात एक शब्द आहे, "यारामाइका". म्हणजे "चला, करून तर बघू." वाचकहो, नवीन वाण लावा म्हणून मी तुम्हाला विनवतो तेव्हा मला हाच शब्द हवा असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो.

जावई मला शेजारच्या इवाता गावी घेऊन गेले. तिथे यामाहाचे प्रदर्शनगृह आहे. वाय. ए. १ पासूनच्या जुन्या गाड्या ओळीने मांडलेल्या. मी म्हणालो, "छान जपल्या आहेत, अगदी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारख्या." जावई हसले. म्हणाले, "काका, या मूर्ती नाहीत. यातल्या बऱ्याच गाड्या वेळोवेळी बाहेर काढून खऱ्याखुऱ्या चालवतात." होंडा कंपनीचेही तोचिगी प्रांतात मोतेगी येथे १९९८ पासून मोठे संग्रहालय आहे. तिथेही तीच रीत. जुनी गाडी तेल-पेट्रोल घालून चालू करायची, फिरवायची, आवाज ऐकायचा, काय दुखते ते बघायचे, आणि परत ठेवायची. बंद ठेवलेल्या यंत्राचे रबर कडक होते, टाकी गंजते, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट राळ बसतो. सांभाळणे म्हणजे चालते ठेवणे, ही त्यांची समजूत आहे.

मला आमची शेडमधली गाडी आठवली. आम्ही हार घालत होतो, किक मारत नव्हतो.

त्याच रात्री गावाहून पुतण्याचा फोन आला. "काका, गाडीला गिऱ्हाईक आलंय. पैसे चांगले देतोय. पण दलाल म्हणतो, इंजिनचा नंबर आर. सी. बुकाशी जुळत नाही. तो म्हणतो नंबर घासून दुसरा ठोकून देतो, अजून वीस हजार सुटतील. करू का?"

मी म्हणालो, "थांब. मी आल्यावर बोलू." पण खरे सांगतो, वीस हजार म्हटल्यावर माझेही मन क्षणभर डळमळले. पोराला विहिरीवरची मोटर बदलायची होती.

दुसऱ्या दिवशी जावयांनी मला त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेले. वय पंचाहत्तरच्या पुढचे. घराच्या मागे पत्र्याची शेड, आपल्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानाएवढी. मधे एक गाडी सुटी करून ठेवली होती, होंडाची सी. बी. ७५०.

ही गाडी १९६८ च्या ऑक्टोबरात तोक्योच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली आणि १९६९ साली विक्रीला आली. चार सिलिंडर, ७३६ सी. सी., ६७ अश्वशक्ती, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. त्या वेळी जगाने अशी गाडी एवढ्या संख्येने तयार होताना पाहिली नव्हती. किती खपेल याचा कंपनीला अंदाज नव्हता. म्हणून पहिल्या सुमारे ७,४०० गाड्यांच्या इंजिनाचे कवच साध्या पद्धतीने साच्यात धातू ओतून केले. मागणी वाढल्यावर दाबाने ओतायची महागडी यंत्रे आणली. पहिल्या कवचांचा पृष्ठभाग खरबरीत, म्हणून लोक त्यांना "वाळूत ओतलेली" म्हणतात. खरे तर ती वाळूत ओतलेली नाहीतच, धातूच्याच साच्यात ओतलेली आहेत. पण नाव पडले ते पडले. आज जगभरातले शौकीन या पहिल्या गाड्यांच्या मागे असतात. विक्रीपूर्वी हाताने केलेल्या नमुन्याच्या गाड्यांपैकी एक २०१४ साली १ लाख ४८ हजार १०० डॉलरला विकली गेली.

मंडळी, जिथे एवढा भाव तिथे खोटेपणा आलाच. नीळ्या टॅगचे प्रमाणित बियाणे महाग विकते, म्हणून नीळा टॅग छापणारेही निघतात. हे तुम्हाला मी सांगायला नको.

मिस्त्री खरी गाडी कशी ओळखतात ते मी विचारले. त्यांनी हातातली विजेरी आधी हँडलच्या मानेपाशी धरली, सांगाड्याचा नंबर तिथे असतो. मग इंजिनाच्या कवचावर, तिथे इंजिनाचा नंबर. मी म्हणालो, "दोन्ही नंबर सारखे असले म्हणजे गाडी खरी?" त्यांनी मान हलवली. त्या काळी यामाहाच्या कित्येक गाड्यांना सांगाडा आणि इंजिनाला एकच नंबर असे. पण या होंडाचे दोन नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे निघत, एकमेकांच्या जवळपास असत एवढेच. त्यामुळे कोणी शहाणपणा करून दोन्ही नंबर तंतोतंत सारखे केले असतील, तर जाणकाराला तिथेच संशय येतो! आधी त्या कारखान्याची रीत माहीत पाहिजे, मग नंबर वाचायचा.

नंतर ते अक्षरांची ठेवण बघतात. एखादा आकडा जास्त खोल आहे का, ओळ वाकडी आहे का, आजूबाजूचा धातू घासून गुळगुळीत केला आहे का, तिथेच रंगाचा थर जाड आहे का. मग बारीकसारीक खुणा. सुरुवातीच्या गाड्यांत एका वायरीतून चार कार्बोरेटरला चार फाटे जात. सायलेन्सरवर नंतरच्या काळात छापलेला क्रमांक अगदी पहिल्या गाड्यांवर नसे. अशी एक खूण खोटी करता येते, दहा खुणा एकमेकींशी जुळवणे अवघड.

त्यांनी मला स्क्रूसुद्धा दाखवले. जुन्या जपानी गाड्यांवरचे फुलीच्या डोक्याचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीसारखे दिसतात, पण त्यांचा खाचा जपानी मापाचा असतो. कित्येकांच्या डोक्यावर एक बारीक टिंब असते. आपला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोके खाऊन टाकतो. मला एकदम उलगडा झाला. दादांच्या गाडीच्या कार्बोरेटरचे दोन स्क्रू असेच खाऊन गेले होते, आणि आम्ही लोखंड हलके म्हणून शिव्या घालत होतो.

सगळ्यांत मला आवडली ती त्यांची वही. प्रत्येक गाडीला एक वही. तिच्यात तीन रकाने: मूळचे काय आहे, त्याच काळातले पण दुसऱ्या गाडीचे काय लावले आहे, आणि नव्याने काय केले आहे. काढलेला मोडका भागसुद्धा ते फेकत नाहीत, पेटीत घालून मालकाला परत देतात. रंग निम्मा उडालेली टाकी होती. मी विचारले, "नवा रंग देणार का?" म्हणाले, "गंज थांबवीन. रंग मूळचा आहे, तो एकदाच लागतो."

मग मी आमची गोष्ट सांगितली. इंजिन बदललेले आहे, नंबर ठोकला तर पैसे जास्त मिळतात. जावयांनी भाषांतर करून सांगितले. म्हातारबांनी फडक्याला हात पुसले आणि सावकाश बोलले. जावयांनी मला सांगितले ते असे: "इंजिन बदलले ही लाज नाही, गाडी कामाला होती एवढाच त्याचा अर्थ. पण एक नंबर खोटा केला, की उरलेली खरी गाडीसुद्धा खोटी ठरते. मग तिच्याबद्दल कोणीच काही खात्रीने सांगू शकत नाही."

मंडळी, बियाण्याच्या एका पिशवीचा टॅग खोटा निघाला, की आम्ही सगळा लॉट थांबवतो. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस मी, आणि घरच्या गाडीपाशी डळमळलो होतो.

परत आलो तो थेट गावी गेलो. पुतण्याला घेऊन शेडमध्ये बसलो. आधी त्याला सांगितले, की नंबर खोडणे-ठोकणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि उद्या ती गाडी कुठे सापडली तर आर. सी. बुकावर नाव दादांचे आहे. पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "मग इंजिन आलं कुठून, ते तरी कुठं माहीत आहे आपल्याला?"

दादा शेतीच्या हिशेबाच्या वह्या ठेवीत. वहिनींनी पत्र्याची पेटी उघडून दिली. दोन संध्याकाळी आम्ही वह्या चाळल्या. खताच्या गोण्या, मजुरी, आडतीची पट्टी, आणि १९९९ च्या वहीत दादांच्या अक्षरात एक ओळ, "गाडीचे इंजिन जाम. दुसरे बसवले." त्या पानाला टाचणीने पावती लावलेली, आणि ज्याची गाडी अपघातात मोडली होती त्या विकणाऱ्याच्या आर. सी. बुकाची झेरॉक्स. वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी ते चालत आले होते, बारा किलोमीटर. जेवले पण नाहीत, आधी वही लिहायला बसले."

त्या कागदांवर आम्ही परिवहन कार्यालयात इंजिन बदलाच्या नोंदीसाठी अर्ज केला. गाडी तपासली गेली. हेलपाटे झाले, दोन महिने गेले, पण नोंद झाली. दलाल पुन्हा आला नाही. मोटरीसाठी पुतण्याने सोसायटीचे कर्ज काढले, ते हप्त्याने फिटते आहे. वीस हजार मिळाले नाहीत, हे तुमच्यापासून लपवत नाही.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल, तर चार गोष्टी सांगतो. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून आपल्याकडे ज्या गाड्या निघाल्या, त्यातल्या कित्येकांना आज शौकीन शोधत येतात.

एक, कागद जपा. आर. सी. बुक, विमा, जुन्या पावत्या, गाडीबरोबरचा जुना फोटो, सगळे एका पिशवीत ठेवा. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळ्या नोंदणीचे नियम केले आहेत, तिथेही मूळपणाच बघतात.

दोन, घेताना नंबर वाचा. नंबरावर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासा, ठसा उठतो. तो आर. सी. बुकाशी पडताळून पाहा. जुळत नसेल तर कारण विचारा आणि त्याचा कागद मागा. "सगळं जपानचं आहे" या बोलण्याला पैसे देऊ नका.

तीन, गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते आपल्याच शेतमालाचे, पण टाकीत साठून राहिले तर हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते.

चार, घाईने नवा रंग, नवे क्रोम करू नका. काय बदलले ते वहीत लिहा, आणि काढलेला भाग टाकू नका.

आमच्याकडे आता नियम झाला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुतण्या गाडी बाहेर काढतो आणि वेशीपर्यंत जाऊन येतो. गेल्या खेपेला मी घरी होतो. पाचव्या किकला ती सुरू झाली. निळा धूर शेडमधून बाहेर आला, टिंग टिंग आवाज अंगणभर झाला. वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या.

पुतण्याने आल्यावर वही काढली आणि तारीख टाकून लिहिले, "गाडी चालू. पुढचा ब्रेक बघणे." दादांचीच वही, पुढचे पान.